सगळं हाताशी

सकाळी नऊच्या सुमाराला, सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडून मी पलीकडच्या फुटपाथवर चढलो आणि औषधांच्या दुकानापर्यंत पोचलो, तेव्हा मागून एक बाई ओरडत आली, "अहो, अहो काका, तुमची चप्पल!" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय. काका म्हणायला हरकत नाही, छप्पन्न पूर्ण झाली आहेत. पण माझ्या चपला तर माझ्या पायांत होत्या. बाईनं समोर येऊन हात पुढं केला. त्या हातात माझी डाव्या पायाची चप्पल होती, अंगठ्याशी झिजलेली, घरून निघताना मीच घातलेली. मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा, फरशीवर आरामात टेकलेला. "रस्त्याच्या मधोमध पडली होती, गाडीखाली गेली असती," बाई म्हणाली आणि मी आभार मानायच्या आत निघूनही गेली. रस्त्याच्या मधोमधपासून औषधांच्या दुकानापर्यंत कमीत कमी पस्तीस पावलं होतात. माझा धंदाच मोजण्याचा असल्यामुळं हे गणित आपोआप झालं. पस्तीसची निम्मी धरली तर सतरा-अठरा वेळा तो पाय उघडा पडला होता, डांबरावर, खडीवर, फुटपाथच्या कडेवर, आणि एकदाही त्यानं मला काही कळवलं नव्हतं. मी चप्पल खाली टाकली, त्यात पाय सरकवला, आणि तो नीट गेला की नाही हे वाकून डोळ्यांनी बघितलं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. चपलेचा पट्टा सैल झालाय, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला लगेच पटलं, कारण स्वतःच्या बाबतीत मी कमालीचा समजूतदार माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी बोटं बुटात आवळल्यासारखी वाटायला लागली, तेव्हा बूट लहान पडले म्हणालो आणि चपला वापरायला लागलो. मग तळव्यांना मुंग्या यायच्या. त्या एक दिवस थांबल्या, तेव्हा बरं झालं म्हणालो. डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी माझ्या पाकिटात चार महिन्यांपासून आहे. बायको आठवड्यातून एकदा विचारते, मी 'उद्या' म्हणतो. तिनं विचारणं आणि मी उद्या म्हणणं हे आता आमच्या घरात भांडी लावण्यासारखं झालंय, आवाज होतो पण कुणी वळून बघत नाही.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मी कामाच्या जागा आखतो. माणूस कुठं बसतो, त्याचं कोपर किती उचललं जातं, समोरची वस्तू घ्यायला त्याला किती वाकावं लागतं, उजेड डोळ्यांवर कुठून येतो, हे सगळं मोजायचं आणि मग टेबल, खुर्ची, दिवा, फळी यांच्या जागा ठरवून द्यायच्या. गेली सहा-सात वर्षं मला बोलावणं येतं ते बहुतेक एकाच कारणासाठी. कारखान्यांत नवी माणसं टिकत नाहीत, जुनी थकत चाललीत, आणि जुन्यांवाचून तर पान हलत नाही. तेव्हा या थकलेल्यांना आणखी पाच-सात वर्षं काम करता येईल, त्यांच्या गुडघ्यांना, कमरेला, नजरेला सोसेल अशी जागा करून द्या, असं मला सांगतात. आजचा कारखाना त्यातलाच. तिथं वाफेचा दाब दाखवणारी गेजं बनतात, घड्याळासारखी गोल, पांढरी तबकडी आणि एकच काटा. तो काटा बरोबर शून्यावर धरून अंगठ्यानं दाबून बसवायचा असतो. काटा बसवायच्या खोलीत बारा माणसं, सगळ्यांत लहान त्रेपन्न वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी ती खोली मी नव्यानं आखून दिली. वर-खाली होणारी टेबलं, प्रत्येकाला स्वतःचा दिवा, पायांखाली मऊ रबरी मॅट, जाड मुठीची हत्यारं. तिथले लोक मला तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागं 'टेबलवाले'. मला दुसरं जास्त आवडायचं.

त्या कामाचं कौतुक झालं होतं, आणि त्या कौतुकाच्या मुळाशी होता माझा दोऱ्याचा नकाशा. खोलीचा आराखडा एका फळीवर लावायचा, प्रत्येक टेबलाच्या, कपाटाच्या, दाराच्या जागी टाचणी टोचायची, आणि माणूस जसजसा फिरेल तसा टाचण्यांभोवती दोरा गुंडाळत जायचा. दिवसाअखेर दोरा सोडवून लांबी मोजली की माणूस किती चालला ते कळतं. लोक हल्ली हे संगणकावर करतात. मला दोरा लागतो. पहिल्या आठवड्यात बाराजणांचा दोरा फळीवर इतका दाट झाला की खालचा आराखडा दिसेना, आणि त्यातला निम्मा तरी एकाच कोपऱ्याकडं धावत होता. खिडकीशी एक नंबरचं टेबल होतं आणि त्याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याचा पिंप. सहा नंबरचे मास्तर दिवसातून नऊ वेळा तिकडं जायचे. मास्तर म्हणजे त्या खोलीतले सगळ्यांत जुने फिटर, साठीचे, अडतीस वर्षं काटे बसवलेले. मी वही उघडून त्यांना विचारलं होतं, इतक्या वेळा कशासाठी उठता? ते म्हणाले होते, "पाणी प्यायला. वय झालं साहेब, घसा सुकतो." मी लिहून घेतलं होतं, 'पाणी, नऊ वेळा.' आणि पिंप हलवून प्रत्येक टेबलाला पाण्याच्या बाटलीची खोबण करून दिली. सुटे भाग हाताशी, हत्यारं हाताशी, तयार माल ठेवायचा खण हाताशी. प्रत्येक गेजवर त्या त्या टेबलाचा नंबर उमटेल अशी शिक्क्याची सोयही केली, म्हणजे माल मोजायला कुणी उठायला नको. पुन्हा दोरा लावला तेव्हा मास्तरांची दिवसभराची चाल चारशे मीटरवरून तीसवर आली होती. ते दोन दोऱ्यांचे गुंडे मी बैठकीत टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते, एक मोठा आणि एक बोराएवढा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता त्याच खोलीतली गेजं परत येत होती. काल व्यवस्थापक बाईंचा फोन आला. वय अडतीस, आवाज नेहमी नम्र. पूर्वी महिन्याला एखाददुसरं गेज परत यायचं, आता तीसच्या वर येतात, तुम्ही येऊन बघाल का. मी येतो म्हटलं. बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या मागं जात होत्या आणि माझ्या मनात गेजं नव्हती, खुर्ची होती. बाबांची. निवृत्त झाल्यावर बाबांचे गुडघे गेले, तेव्हा ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचे आणि दिवसातून आठ-दहा वेळा भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जायचे. आई तेव्हा नव्हती. माझी बायको ओट्याशी काही चिरत, निवडत असायची. बाबा दारात उभे राहून "पाणी आहे का गं?" म्हणायचे, घोटभर प्यायचे, पेपरातली एखादी बातमी सांगायचे, तिच्या हातातल्या कामात एखादी खोड काढायचे आणि परत फिरायचे. मी ते अंतर मोजलं. बावीस पावलं, तीन वळणं, एक उंबरा. मी त्यांच्या खुर्चीला फळी जोडून दिली, तिच्यावर पाण्याचा तांब्या, औषधं, रेडिओ, चष्मा, आणि वाजवायला एक घंटी. सगळं हाताशी. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं आखलेलं काम. महिनाभरानं बायको म्हणाली, "बाबा आत येत नाहीत हल्ली." मी म्हणालो, "यायची गरजच काय आता?" हे मी फुशारकीनं म्हणालो होतो, अगदी छाती काढून. घंटी त्यांनी कधी वाजवली नाही. वर्षभरात त्यांना उठताच येईना, आणि एका दुपारी ते खुर्चीतच गेले, तांब्या भरलेलाच होता. मी रडलो नाही. लोक जमले होते, कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि दारातून ती खुर्ची आडवी निघेल की उभी, याचं माप मी मनातल्या मनात घेत होतो.

ती खुर्ची आता मी वापरतो. फळीसकट.

व्यवस्थापक बाईंच्या टेबलावर परत आलेली गेजं दोन ओळींत मांडून ठेवली होती. त्यांनी मला चहा दिला, मी कप उचलला, आणि त्यांनीच म्हटलं, "गरम आहे हं, जपून." काही गेजांचा काटा वाटेतल्या हादऱ्यानं सरकला होता, म्हणजे तो पुरता बसलाच नव्हता. काहींचा काटा पक्का होता पण शून्याच्या केसभर डावीकडं. "तुमच्या शिक्क्यामुळं टेबल कळतं, पण शिक्के पुसट आलेत," बाई म्हणाल्या. "बहुतेकांवर एक असावं किंवा सहा असावं, काही दोन्हीसारखे दिसतात. तुम्ही खाली जा, बघा, आणि मला फक्त टेबलाचा नंबर द्या. वरून विचारणा झालीय. कुणाचं वाईट करायचं माझ्या मनात नाही. पण हे बॉयलरवर बसतं. काटा खोटं सांगायला लागला तर कुणाचा तरी जीव जाईल." खरं होतं ते. मग त्या सहज म्हणाल्या, "आपल्या बाकीच्या तीन कारखान्यांच्या खोल्याही तुम्हालाच द्यायचं चाललंय, तुम्हाला माहीतच आहे. तेवढा हा डाग निघाला की झालं." डाग कुणाच्या नावावर टाकायचा, तेवढंच ठरायचं होतं. टेबलाचा नंबर दिला तर माझी खोली निर्दोष राहत होती.

काटे बसवायच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढतात. मी काढल्या आणि आत गेलो. खोली माझीच होती, प्रत्येक इंच मी ठरवलेला, तरी मला ती ओळखू येईना. शांत होती. सहा महिन्यांपूर्वी इथं सारखी कुजबुज असायची, कुणी उठतंय, कुणी कुणाच्या खांद्यावरून डोकावतंय, कुणी उगाच हसतंय. आता बारा दिवे जळत होते आणि बारा माणसं आपापल्या उजेडात मान घालून बसली होती. पाण्याच्या बाटल्या खोबणीत उभ्या होत्या, सगळ्या भरलेल्या. मी सहा नंबरपाशी जाऊन स्टूल ओढलं. मास्तरांनी कपाळावरचं भिंग वर सरकवलं, माझ्याकडं पाहून हसले, आणि मग माझ्या मागं दारापर्यंत बघत राहिले.

"साहेब, पायाला काय झालं?"

"कुठं काय?"

"मागं बघा."

करड्या मॅटवर दारापासून स्टुलापर्यंत लाल ठिपके होते, रुपयाएवढे, एका पावलाआड एक. माझ्या दोऱ्यासारखी वाट काढत ते माझ्यापर्यंत आले होते. मी डावा पाय उचलून पाहिला. टाचेच्या पुढं मऊ भागात रक्त साचलं होतं आणि त्यात काहीतरी चमकत होतं. सकाळच्या त्या सतरा-अठरा पावलांतल्या एकात काच घुसली होती. ती घेऊन मी चप्पल घातली, बसमध्ये बसलो, जिना चढलो, चहा प्यायलो. मास्तरांनी माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खिडकीकडं बघून हाक मारली, "वहिनी, या जरा इकडं." वहिनी एक नंबरच्या. त्यांचे यजमान पूर्वी याच खोलीत होते, ते गेले तरी नाव तेच राहिलं. त्या उठल्या तेव्हा खोलीतल्या चार-सहा माना वर झाल्या, जणू उठणं ही विसरलेली गोष्ट होती. त्या आल्या, मॅटवर बसल्या, आणि माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवायला लागल्या. पायाकडं बघत नव्हत्या त्या, समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"इथं आहे," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण आत गेलीय. चिमटा द्या. मला दिसत नाही हं."

"मला दिसतंय," मास्तर भिंग डोळ्यावर ओढत म्हणाले. "डावीकडं घ्या. आणखी केसभर. बास. आता खाली."

"लागली."

"ओढा."

एकमेकांकडं न बघता चाललं होतं हे सगळं. तिचा हात आणि त्याचा डोळा. मधे कुठं अडखळणं नाही, दोन माणसं बोलताहेत असंही वाटत नव्हतं. काच निघाली, नखाच्या तुकड्याएवढी. मास्तरांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. वहिनींनी स्पिरिटचा बोळा जखमेवर दाबला आणि विचारलं, "झोंबतंय का?" मी नाही म्हटलं. दोघांचेही हात थांबले.

"अजिबात नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

आजच कळलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पट्ट्याचं, बुटांचं, सगळं तयार होतं माझ्याकडं. "दोन वर्षं," मी म्हणालो. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, आणि ते ज्यांना सांगितलं त्यांच्यातल्या एकाची हकालपट्टी करायला मी आलो होतो.

 मास्तर पट्टी बांधायला लागले, आणि तेव्हा मी त्यांचा अंगठा पाहिला. पट्टी गुंडाळताना ते तिच्या टोकाकडं सारखं बघत होते. डोळे बाजूला झाले की टोक निसटत होतं. मला मोजणीच्या त्या आठवड्यात कॅमेऱ्यानं घेतलेली चित्रफीत आठवली, जी मी शंभर वेळा पाहिली होती, पावलं मोजायला. मास्तर उठतात, खिडकीशी जातात, पिंपापाशी उभे राहतात, पाठमोरे, मिनिटभर, आणि परत येतात. नऊ वेळा. त्यात पेला एकदाच तोंडाला लागला होता. मी ते पाहिलं होतं. फक्त मी पावलं मोजत होतो, म्हणून ते मोजलं नव्हतं.

"तुम्ही पाणी प्यायला उठायचा," मी म्हणालो.

मास्तरांनी दाराकडं नजर टाकली. "पाणी प्यायलाच."

"सांगा हो आता," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचा पाय आपल्या मांडीवर आहे."

मग मास्तरांनी सांगितलं, पट्टी बांधता बांधता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. काटा दांडीवर दाबला की शेवटी अंगठ्याखाली तो किंचित आत जातो, बसल्याचं कळतं, ते दिसत नाही. चार वर्षांपूर्वी त्यांना ते कळायचं थांबलं. शून्य मात्र त्यांना अजून लख्ख दिसतं. वहिनींचं उलट. अंगठा शाबूत, पण शून्याची रेघ दुहेरी दिसते, ऑपरेशन होऊनही. तेव्हा मास्तर पाच-सहा गेजं खिशात घालून खिडकीशी जायचे. वहिनी त्यांचे काटे दाबून द्यायच्या, ते वहिनींच्या गेजांवरचं शून्य बघून द्यायचे. "दोघांचा मिळून एक धड फिटर होतो," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. खोलीत अशा आणखी जोड्या होत्या. पिंप सगळ्यांचाच होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज मला तक्रारीसारखा ऐकू आला.

"वही उघडून विचारलं होतंत," मास्तर म्हणाले. त्यात राग नव्हता. "आता पाणी इथं आहे. उठलं की सुपरवायझर म्हणतो, कशाला उठलात, सगळं तर आहे हाताशी. सोय तुम्ही फार चांगली केलीत साहेब, कंबर दुखायची थांबली. खोटं कशाला बोलू." त्यांनी गाठ मारली, बघून मारली. "अठरा महिने राहिलेत माझे. घरी बसायला माझी ना नाही. पण मंडळी गेली, मुलगी लांब. घरी पाणी प्यायला मी कुणाकडं उठून जाऊ?"

त्यांनी माझा पाय उचलून जपून खाली ठेवला. मी मान हलवली. या वेळी घशात काहीतरी यायला हवं होतं आणि मी त्याची वाट बघितली. ते आलं नाही. पण त्याची जागा मला कळली, गळ्याच्या जरा खाली, उजवीकडं.

जिना चढताना मी प्रत्येक पायरीवर पाऊल बघून ठेवलं. खरं सांगितलं तर दोघंही जाणार होते; ज्याला काटा बसल्याचं कळत नाही आणि जिला रेघ दिसत नाही अशा माणसांच्या हातात कोण गेजं देईल? आणि नंबर दिला तर मास्तर आधी गेले असते, मग पुढच्या महिन्यात वहिनी. व्यवस्थापक बाईंनी कागद पुढं ओढला आणि पेन हातात धरून माझ्याकडं बघितलं.

"कुठलं टेबल?"

"सगळी," मी म्हणालो. "चूक टेबलांची आहे. म्हणजे माझी."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मी बोलत राहिलो, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला खोटं बोलावं लागत नाहीये. साठीतलं माणूस एकाच अंतरावर तासन्‌तास बघत राहिलं की नजर मरते, एकाच जागी बसलं की अंगठ्यातला जोर जातो. एकानं बसवलेला काटा दुसऱ्यानं हातात घेऊन तपासायचा, असा नियम करा. दोन टेबलांना मिळून एक शिक्का. बाटल्यांच्या खोबणी काढा. पाण्याचा पिंप परत खिडकीशी ठेवा आणि उठण्यावर कुणी हरकत घ्यायची नाही.

"सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच या खोलीत दोऱ्याचे दोन गुंडे ठेवले होते," बाई म्हणाल्या. "चालणं म्हणजे फुकट गेलेला वेळ, असं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"माझं काही नाही. महिनाभर करून बघू, माल परत यायचा थांबला तर उत्तमच. पण तुमची आखणी चुकली असं मी वर लिहून पाठवलं, तर बाकीच्या तीन खोल्या तुम्हाला मिळणार नाहीत. कदाचित कुठंच मिळणार नाहीत, या धंद्यात बातम्या लवकर फिरतात. तरी लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पेन ठेवून माझ्याकडं निरखून पाहिलं, तक्रार म्हणून नाही, खरंच कुतूहलानं. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मी आत शोधलं. सहा-सात वर्षांचं काम, नाव, पुढची कमाई, सगळं त्या कागदावर गेलं होतं. वाटायला पाहिजे होतं. "उशिरा वाटेल बहुतेक," मी म्हणालो. त्या हसल्या, त्यांना तो विनोद वाटला.

बाहेर पडताना दाराच्या काचेतून मी एकदा खोलीत डोकावलो. कुणीतरी मॅटवरचे डाग ओल्या फडक्यानं पुसले होते. मास्तर आपल्या दिव्याखाली भिंग लावून बसले होते आणि खिडकीशी वहिनी. दोघांच्या मध्ये माझ्या आखणीप्रमाणं साडेसात मीटर मोकळी जागा होती. वाकून मी डाव्या चपलेचा पट्टा दोन घरं आवळला. बसपर्यंत दर दहा-बारा पावलांनी थांबून मागं वळून बघत गेलो, पाय आहे तिथं चप्पल आहे ना. लोकांना वाटलं असेल, कुणीतरी माझ्या मागून येतंय.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता. "आलात?" तिनं तिथूनच विचारलं, मी "हो" म्हटलं आणि खुर्चीत बसलो. फळीवर सगळं होतं. चष्मा, पेपर, रेडिओ, चार्जर, आणि पाण्याची बाटली, तिनं सकाळी भरून ठेवलेली. या खुर्चीत बसून मी गेली कितीतरी वर्षं संध्याकाळी काय काय मागून घेतलंय ते आठवायला लागलो, आणि आठवेना, कारण काही मागावंच लागलं नव्हतं. बाबांची घंटी अजून फळीच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर धूळ होती. पट्टीतून थोडं रक्त वर आलेलं दिसत होतं. दुखत नव्हतं. आणि त्या न दुखण्याची मला पहिल्यांदाच भीती वाटली, सकाळी रस्त्यावर वाटायला हवी होती ती. तीन कारखाने नव्हते तिच्यात, नावही नव्हतं. ही बाटलीही बाबांच्या तांब्यासारखी भरलेलीच राहील, एवढंच होतं.

मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठलो. बावीस पावलं, तीन वळणं, एक उंबरा. पाय कुठं पडतोय ते बघत, भिंतीला हात लावत मी गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडं होती. तिनं मान वळवून पाहिलं, आधी माझ्याकडं आणि मग मी ज्याला धरून उभा होतो त्या चौकटीकडं.

"काय हो? काय पाहिजे?"

"पाणी प्यायला आलो."

"बाटली भरून ठेवलीय की तिथं, हाताशी."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तसाच उभा राहिलो. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि माझ्या पायाकडं बघत स्टूल पुढं ओढलं.